पाजणीच्या गल्लीत गाडीतळ

जागेश्वर हेडाऊ प्रश्न विचारल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाही, असं नागपुरातल्या इतवारी बाजारामागच्या कोष्ट्यांच्या गल्लीत सगळे म्हणत, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. पेला हातात घेऊन तो विचारायचा, "नळाचं हाये का विहिरीचं?" नळाचं म्हटलं की लगेच पुढचा, "मंग आज वास कायचा येऊन राहिला?" आणि तहान राहायची बाजूला, गडी निघायचा नळाकडे.

त्याचं लग्नसुद्धा प्रश्नानंच जमलं. मामासोबत तो उमरेडला मुलगी पाहायला गेला. घरात हातमाग चालू होता. मुलगी चहा घेऊन आली, ठेवून गेली, यानं मान वर केली नाही. मुलीचा बाप मागावर बसून आडवं सूत नेणाऱ्या धोट्याची दोरी डाव्या हातानं ओढत होता, आणि जागेश्वरनं जन्मापासून ती उजव्या हातानंच ओढताना पाहिलेली. त्यानं विचारलं, "उमरेडले डाव्या हातानं काहून ओढतेत?" मामानं चिमटा काढला. यानं पुन्हा विचारलं. शेवटी दाराआडून आवाज आला, "उमरेडले नाही. आमचे बाबा डावखुरे हायेत. बाकी गाव तुमच्यासारखंच हाये."

परतताना एस.टी.त हा मामाला म्हणाला, "पोरगी पसंत हाये."

"तू पाहिली कुठी बे तिले?"

"पाहिली नाही. पण थे उत्तर देते."

ती मैनाबाई. नवऱ्याच्या प्रश्नांना पुढं जन्मभर उत्तरं देता देता तिची जीभ भलती धारदार झाली, पण ते ओघानं येईलच.

गोष्ट सत्तर साल उलटल्यानंतरची. कामठीकडे पॉवरलूम खडखडायला लागले होते, नागपुरातले कित्येक कोष्टी माग सोडून गिरणीत, नाहीतर दुकानात लागले होते. तरी या गल्लीत अजून घराघरातून मागाचा आवाज यायचा. आणि ज्या गल्लीत माग, त्या गल्लीत पाजणी. ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगायला हवं. लुगड्याचं उभं सूत, म्हणजे ताणा, मागावर चढवण्याआधी त्याला खळ पाजावी लागते, नाहीतर विणताना धागे तटातट तुटतात. ताणा असतो लांबच लांब. तो घरात मावत नाही. म्हणून पहाट फुटली की गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन-दोन बांबू फुलीसारखे बांधून केलेल्या कैच्या उभ्या करायच्या, त्यांवर ताणा ताणायचा, तांदळाची पातळ खळ लावायची आणि मोठे कुंचे घेऊन माणसांनी दोन्ही अंगांनी फिरत ती धाग्याधाग्यात उतरवायची. वारा सुटायच्या आत, ऊन चढायच्या आत. एका घराचं हे काम नाही. आज तुझा ताणा तर गल्ली तुझ्याकडे, उद्या माझा तर माझ्याकडे. दोन्हीकडे घरं असल्यामुळं गल्लीत वारा लागत नसे, आणि पाजणीला तेच पाहिजे.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी गल्लीतल्या मारुतीच्या ओट्यावर सभा भरली. कार्पोरेशनच्या कर खात्यातले श्रीधर वझलवार नावाचे साहेब आले होते. तरुण, चष्मेवाले, सायकलवर आलेले. त्यांनी समजावून सांगितलं की शहर वाढतंय, नाल्या बांधायच्या आहेत, दिवे लावायचे आहेत, पैसा पाहिजे, म्हणून घरपट्टी थोडी वाढणार आहे. त्यावर लोकांच्या मतांची नोंद करायला ते आले होते.

"थोडी म्हणजे किती साहेब?" मारोतराव म्हणाले. मारोतराव गल्लीतले म्हातारे पंच, गल्लीत कुणाचं भांडण असो की बारसं, त्यांच्याशिवाय हलायचं नाही. "मागच्या खेपेले बी थोडीच होती. आमच्या नालीत तेव्हापासून थेच पाणी उभं हाये. आता तर ओळखीचं झालं."

लोक हसले. साहेबही हसले. मग ते म्हणाले, "दुसरा एक मार्ग आहे. बाजाराच्या जवळच्या गल्ल्यांमध्ये गाड्या उभ्या करायचं स्टँड करायचं. ठेले, छकडे, स्कूटर, जे उभं राहील त्याची फी. ज्या गल्लीत स्टँड, त्या गल्लीची नाली आणि दिवा त्या पैशातून आधी."

"आणि घरपट्टी?"

"तुमच्या गल्लीची वाढ तूर्त थांबवावी, अशी शिफारस मी करीन."

आता सगळे जागे झाले. बाबूलाल पुढं सरकला. हा कोष्ट्याचाच पोरगा, पण माग विकून इतवारीत लुगड्यांचं दुकान टाकलेला. गल्लीतली निम्मी लुगडी तोच घ्यायचा. "एकदम बढिया कल्पना हाये," तो म्हणाला. "गिऱ्हाइकाची गाडी उभी राहाले जागा नाही, म्हणून गिऱ्हाईक दुसरीकडे चाललं."

जागेश्वरचा प्रश्न तोवर तयारच होता. "साहेब, फी कोण देईन? गाडीवाला का घरवाला?"

"गाडीवाला."

"आमच्याकडे गाडी नाही. मंग आमाले काही नाही?"

"काही नाही."

"आणि दिवा आमच्याकडे लागन?"

"लागेल."

"अरे बापा," जागेश्वर लोकांकडे वळून म्हणाला, "दुसऱ्यानं फी द्यावी आणि उजेड आपल्या घरी पडावा! याच्यात विचाराचं काय हाये?" आणि त्यानं हात वर केला, एक नाही, दोन्ही. ते पाहून बाकीच्यांनीही केले. मारोतरावांनीसुद्धा, जरा उशिरा.

आता कुणी म्हणेल, इतका विचारणारा माणूस, गाड्या उभ्या राहिल्यावर पाजणी कुठं करायची, एवढं त्याला सुचू नये? पण पाजणी म्हणजे आपण रस्ता वापरतो, असं त्या गल्लीत कुणाच्या मनातच नव्हतं. आजा करायचा, बाप करायचा, आपण करतो. रस्ता तो दुसऱ्यांचा, जाणाऱ्या-येणाऱ्यांचा. पाजणी ती आपली. या दोन गोष्टी एकाच जमिनीवर चालतात हे ध्यानात यायला आधी काहीतरी आडवं यावं लागतं.

ते आडवं आलं दिवाळी झाल्यावर. एका दुपारी माणसं येऊन गल्लीच्या एका अंगाला चुन्याची लांब पांढरी रेघ ओढून गेली. दुसऱ्या दिवशी पाजणी होती. जागेश्वरनं रेघेवरच कैच्या लावल्या आणि ताणा असा सुतासारखा सरळ लागला की तो खूश होऊन म्हणाला, "पाह्य वं मैना, कार्पोरेशननं पाजणीची सोय करून देल्ली."

मैनाबाई खळीचं मडकं टेकवत म्हणाली, "तुमच्या लग्नात बी कोणी रेघ ओढून देल्ली असती तं वाट चुकून आमच्या घरी नसते आले."

स्टँड सुरू झालं. पहिल्याच पहाटे जागेश्वर सुताचं भेंडोळं खांद्यावर घेऊन बाहेर आला आणि दारातच थांबला. गल्ली भरली होती. कामठीहून कापडाचे गठ्ठे घेऊन येणारे छकडे, ठेले, सगळे रेघेला लागून, बैल सोडलेले, गाडीवान गठ्ठ्यांवर पांघरूण घेऊन झोपलेले. दुकानं उघडतात दहाला, पण जागा मिळावी म्हणून ते अंधार असतानाच येऊन लागले होते.

त्यानं पहिल्या छकड्याच्या गाडीवानाला हलवलं. कवडू त्याचं नाव. "गाडी थोडी पुढं घे गा. पाजणी करायची हाये."

कवडूनं पांघरुणातून पावती बाहेर काढली. "पैसे देल्ले हायेत मी. तू देल्ले का?"

जन्मभर दुसऱ्यांना विचारणाऱ्या जागेश्वरला आज दुसऱ्यानं विचारलं होतं. त्यानं पावती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली.

मग हाल सुरू झाले. ताणा घेऊन गल्लीतले लोक रेल्वे लाइनीपलीकडच्या मैदानात गेले, तर तिथं वाऱ्यानं खळ धाग्यात उतरायच्या आधीच वाळली, धूळ बसली, धागे तुटले ते तुटलेच. बाजार बंद असतो त्या एका दिवशी गल्ली मोकळी मिळायची, पण साऱ्या गल्लीचे ताणे एका सकाळी कसे होणार? लोक नंबर लावायला लागले, नंबरावरून बोलाचाली झाली. जागेश्वरचा माग तर उघडाच पडला होता. मागावर सूत नाही म्हणजे काय, हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. सकाळी उठून तो सवयीनं मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा आणि नुसता बसून राहायचा.

"उठा तिथून," मैनाबाई म्हणायची. "रिकाम्या मागावर बसून कोणतं लुगडं निंघून राहिलं?" पण एके दिवशी ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "असंच राहिलं तं बाबूलालच्या दुकानात गठ्ठे उचलाले लागसान का तुमी?" तो खड्ड्यातून पाय वर काढून बाहेर निघून गेला.

मारोतराव आणि तरणे गडी म्हणत होते की छकडे ढकलून द्यायचे. जागेश्वरच्या डोक्यात मात्र कवडूची पावती घुसली होती. असं काय असतं त्यात, की माणूस झोपेतूनही इतक्या निवांतपणे बोलतो? ते पाहायला तो भाजीबाजारात गेला. तिथं त्याच्या ओळखीची प्रयागबाई वांगी-टमाटर घेऊन बसायची. जागेश्वर तिच्यासमोर उकिडवा बसला आणि दुपारपर्यंत हललाच नाही.

मधेच शिपाई आला. रस्त्यात टोपल्या मांडून बसलेल्या बायका टोपल्या डोक्यावर घेऊन पळाल्या. प्रयागबाई वांग्यांवर पाणी शिंपडत राहिली. वर शिपायालाच म्हणाली, "बाजूले व्हय रे बाबू, माझं गिऱ्हाईक अडते."

"तू काहून नाही पळत वं बाई?" जागेश्वरनं विचारलं.

"मी काहून पळू? मी या जागेची बैठकी देतो कार्पोरेशनले."

"बैठकी देल्ली म्हणजे जागा तुझी झाली?"

प्रयागबाईनं विचार केला. "माझी नाही झाली. पण मले उठवाची हिंमत बी कोणाची नाही झाली. तुले घ्यायचं काय हाये? सकाळपासून एक वांगं नाही घेतलं तुनं."

त्यानं वांगी घेतली आणि चालत घरी आला, वाटेत स्वतःशीच बोलत.

तक्रारी ऐकायला वझलवार साहेब पुन्हा ओट्यावर आले, त्या सभेत जागेश्वर उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, आमच्या पाजणीची बी फी लावा."

ओट्यावर असा कल्ला उठला की मारुतीच्या देवळातली कबुतरं उडाली.

"भल्लाच शहाणा झाला!"

"अबे, लोकं फी माफ करा म्हणतेत, आणि हा लावा म्हणून राहिला!"

"मागच्या खेपेले दोन हात वर केले, आता पाय बी वर करते वाटते!"

मारोतराव मात्र ओरडले नाहीत. ते उठले. "जागेश्वर, मी तुले लहानाचा मोठा झालेला पाह्यलं. मले एक सांग. ज्या जागेचे पैसे देल्ले, थे जागा कोणाची?"

"कार्पोरेशनची."

"आणि आजपर्यंत कोणाची होती?"

उत्तराची वाट न पाहता मारोतराव पुढं म्हणाले,

"आज तू फी देशीन. उद्या थे वाढवतीन. परवा म्हणतीन, नको तुमची फी, आमाले स्कूटरचे जास्त भेटतेत. मंग तू काय म्हणशीन? भाडेकरू झाला तू तुझ्या बापाच्या गल्लीत."

"पण काका, आता तं भाडेकरू बी नाही ना आपण. आता तं बाहेरचे झालो."

"म्हणून पैसे देऊन आत याचं?"

"मले माहीत नाही," जागेश्वर म्हणाला, आणि ते खरं होतं. "मले पाहाचं हाये काय होते थे."

बाबूलालनं घसा खाकरला. त्याला स्टँड पाहिजे होतं, पण लुगडीही पाहिजे होती. गेल्या महिन्यात या गल्लीतून त्याच्या दुकानात जेमतेम दोन-चार नवी लुगडी आली होती. "मी म्हणतो, दोन्ही चालू द्या," तो म्हणाला.

"तुझं तं दोन्हीकडे दुकान हाये," कुणीतरी मागून टोमणा मारला.

वझलवार साहेब इतका वेळ डोकं धरून बसले होते. "माझ्याकडे यासाठी सदरच नाही हो," ते म्हणाले. "गाडीची फी आहे, दुकानाची आहे. सुताची नाही. मुळात ही पाजणी किती जागा घेते, किती वेळ चालते, मला काहीच माहीत नाही."

"मंग या ना पाहाले," जागेश्वर म्हणाला. "बाजार बंद असते त्या दिवशी सकाळी."

साहेब आले. पौषाचं धुकं होतं, अंगावर स्वेटर, कानाला मफलर, हातात सायकल. ताणा गल्लीभर लागला होता. साहेब एका बाजूला थांबून पाहू लागले. पण त्या गल्लीची रीत होती: पाजणीच्या वेळी जो गल्लीत आला, त्यानं एकतर परत फिरावं, नाहीतर कुंचा धरावा. उभं राहून पाहायचं नाही, खळ वाळते. नवरदेवाच्या वरातीलासुद्धा यातून सूट नव्हती.

मैनाबाईनं साहेबाच्या हातातली सायकल काढून भिंतीला लावली आणि कुंचा दिला. "त्या अंगानं जा. दाबू नका, कुरवाळा."

साहेब गेले. आले. पुन्हा गेले. चष्म्यावर खळीचे थेंब उडाले. आणि मग जागेश्वरच्या आनंदाला पारावार उरला नाही, कारण साहेब प्रश्न विचारायला लागले. तांदूळच का? ज्वारी चालत नाही का? धागा तुटला तर कोणता कुठं जोडायचा हे कसं कळतं? ताण्याच्या एका अंगानं साहेब, दुसऱ्या अंगानं जागेश्वर, दोघं धाग्यांच्या पडद्यातून बोलत चालले होते आणि गल्ली कुंचे मारता मारता हसत होती.

"दोन जागेश्वर झाले वं बाई," मैनाबाई शेजारणीला म्हणाली. "आता याले दुपार होते."

काम झाल्यावर साहेब ओट्यावर चहा पीत म्हणाले, "बांबू उभे, त्यावर पसारा, थोड्या वेळानं सगळं काढून रस्ता मोकळा. हे तर मांडवासारखं झालं. लग्नाचा मांडव रस्त्यात टाकायला आम्ही परवानगी देतो, फी घेऊन. तात्पुरता मांडव म्हणून मी हे बसवू शकतो. वर विचारून सांगतो. पण वेळ ठरवून द्यावी लागेल."

वरून होकार आला. सकाळी आठपर्यंत गल्ली पाजणीची, आठनंतर गाड्यांची. एकेका घरानं आपल्या पाजणीपुरती फी भरायची. पहिली भरली जागेश्वरनं. काहींनी त्याच्या मागोमाग भरली, काही थांबून पाहत होते. मारोतरावांनी साफ नाही म्हटलं. "माझ्या ताण्याचं लग्न नाही लागून राहिलं," ते म्हणाले, "मले मांडव नको." त्यांचा माग तसाच रिकामा होता.

फी भरल्यानंतरची पहिली पाजणी जागेश्वरची. कवडूनं कुरकुरत छकडा गल्लीच्या तोंडाशी नेऊन उभा केला. ताणा लागला. मारोतराव तेवढे आले नाहीत. ते आपल्या दारात घोंगडी घेऊन बसले होते आणि मुद्दाम दुसरीकडे पाहत होते. जागेश्वरला वाटलं होतं की आज फार बरं वाटेल. पण कुंचा मारता मारता तो सारखा मारुतीच्या देवळातल्या घड्याळाकडे पाहत होता. इतक्या वर्षांत पाजणीत त्यानं कधी घड्याळ पाहिलं नव्हतं. खळ वाळली की पाजणी संपली, एवढंच वेळेचं गणित होतं.

आणि त्या दिवशी धुकं विरेना. ऊन येईना. धागे ओलेच. अशा ओल्या धाग्यांची गुंडाळी केली तर सगळे एकमेकांना चिकटतात आणि ताणा जातो वाया, विकतचं सूत, साऱ्या गल्लीची सकाळ, सगळं.

घड्याळात आठ वाजले. कवडू छकड्याचं जू धरून आला. "चला, उचला. झाला तुमचा टाइम."

"थोडा थांब गा. वाळलं नाही."

"मी बी पैसे देल्ले हायेत, दादा. तू आठपर्यंतचे देल्ले. आता माझे चालू झाले."

बोलणं चुकीचं नव्हतं, हेच तर वाईट होतं. जागेश्वरनं कैचीवर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला. बायका कुंचे खाली टेकून पाहत होत्या. मैनाबाईनं पुन्हा धागे चाचपून पाहिले, ओलेच.

तेवढ्यात मारोतराव दारातून उठले. घोंगडी ओढत आले, छकडा आणि ताणा यांच्या मधोमध आले आणि रेघेवर मांडी घालून बसले.

"बाजूले व्हा बाबा," कवडू म्हणाला. "तुमची फी कुठं हाये?"

"मी नाही देल्ली."

"मंग?"

"मंग काय? देल्ली त्याचा टाइम आठले संपला. मी देल्लीच नाही, तं माझा कसा संपन?" मारोतरावांनी घोंगडी नीट गुंडाळून घेतली. "ज्यानं पैसे देल्ले त्यानं घड्याळ पाहावं. मी आपला बसलो माझ्या बापाच्या गल्लीत."

कवडू जागेश्वरकडे पाहू लागला, जागेश्वर मारोतरावांकडे. प्रयागबाईला जागा मिळाली होती पैसे देऊन, मारोतराव बसले होते न देता, आणि दोघांनाही उठवायची हिंमत कुणाची होत नव्हती. हे असं कसं? त्याच्या ओठावर प्रश्न आलाच होता, पण मैनाबाईनं त्याच्या हातात कुंचा कोंबला. "नंतर विचारा. आधी हात चालवा."

कवडूनं थोडा वेळ पाहिलं. मग त्यानं जू खाली ठेवलं, बिडी पेटवली, एक मारोतरावांना दिली आणि त्यांच्याशेजारी टेकला. "किती वेळ लागन बाबा?"

"सूत सांगन," मारोतराव म्हणाले.

नऊ वाजून गेल्यावर ऊन छपरावरून खाली उतरलं. जागेश्वरनं दोन बोटांत धागे धरून पाहिले, पुढं जाऊन पुन्हा पाहिले. कोरडे, कडक, वाजणारे. त्यानं मान डोलावली आणि गल्लीनं एका दमात कैच्या उचलल्या.